सव्वादहाचं दार

दर वर्षी मार्चच्या शेवटच्या सोमवारी आमच्या अबुधाबीच्या ऑफिसातली एक वाजताची मीटिंग बारा वाजता होते. इथे कुणी काही बदललेलं नसतं. पॅरिसच्या मंडळींनी आदल्या दिवशी आपली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात आणि कॅलेंडर आमच्या वतीनं मुकाट सरकतं. डबे अर्धवट उघडलेले असतात. "यांचं पुन्हा सुरू झालं," असं कुणीतरी म्हणतं, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत जेवणाची वेळ बिघडलेली राहते.

भारतात असं काही नाही, अमिरातीतही नाही. दोन्हींमध्ये दीड तासाचं अंतर आहे आणि ते बारा महिने तेवढंच असतं. इथल्या मराठी घरातलं मूल बेरीज शिकण्याआधी ते शिकतं: आपले आठ, आजीचे साडेनऊ. घड्याळाला हात लावायचा तो सेल बदलताना.

मीटिंग सरकली की मला उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे दहा दिवस आठवतात. मे महिन्याची अखेर होती. डिझेल, ओलं शेवाळ आणि उकडलेली अंडी यांचा मिळून होणारा एक वास आणि संध्याकाळी नऊ वाजताही पुस्तक वाचता येईल असा उजेड. तिथली माणसं त्याला उन्हाळा म्हणत होती. आम्ही स्वेटर घालून होतो.

आम्ही तिथे गेलो ते रुहीसाठी. रुही ही राजन पेडणेकरची मुलगी. राजन माझा ऑफिसातला सहकारी आणि मोहम्मद बिन झायद सिटीतला शेजारी. तो क्वांटिटी सर्व्हेअर. इमारतीला किती सिमेंट, किती लोखंड, किती फरशी लागेल हे मोजण्यात त्याची एकतीस वर्षं गेली. रुहीचा जन्म अबुधाबीचा, शाळा अबुधाबीची. पुण्याचा फ्लॅट तिला सुट्टीत बघायची जागा म्हणून माहीत. पण तिचा राहण्याचा व्हिसा वडिलांच्या नावावर होता आणि वडील पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांचा व्हिसा संपला की तिचाही संपणार. स्वतःची नोकरी मिळाली तर ती राहू शकत होती, नाही तर तिला ज्याला सगळे 'घरी परत' म्हणत होते तिकडे जावं लागणार होतं. "हाऊ कॅन आय गो बॅक टू अ प्लेस आय नेव्हर लेफ्ट?" असं तिनं एकदा जेवताना विचारलं होतं. राजननं आमटी वाढून घेतली होती.

नोकरी समोर होती. समुद्रतळाची पाहणी करणाऱ्या एका लहान कंपनीला बोट चालवू शकेल आणि नमुनेही घेऊ शकेल असं माणूस हवं होतं. रुहीकडे पदवी होती, बोटीचा स्थानिक परवानाही होता. कंपनीची एक अट मात्र राहिली होती: मोठ्या भरती-ओहोटीच्या पाण्यात बोट नेता येते असं प्रमाणपत्र. अबुधाबीत पाणी चढतं-उतरतं ते माणसाच्या उंचीपेक्षा फारसं जास्त नाही. त्या परीक्षेसाठी पाणी निदान दोन मजले चढायला हवं. म्हणून शेर्बूर.

शेर्बूर हे नॉर्मंडीतलं मोठं बंदर. तिथल्या एका शाळेची मोटरबोट चार माणसांची होती. रुही शिकाऊ कप्तान, राजन आणि मी हाताखालची माणसं, आणि परीक्षक मारी. मारी पन्नाशीची, आखूड केसांची बाई. बोलायची कमी आणि खिशात नेहमी दोन उकडलेली अंडी. ती अंडी ती सुकाणूच्या चाकावर आपटून फोडायची. राजनची बायको सुनीतावहिनी बोटीवर पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. "मला दुबईच्या खाडीतल्या अब्रेतसुद्धा मळमळतं," त्या म्हणाल्या. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लहान होडी, पाच मिनिटांचा प्रवास.

पहिल्या दोन दिवसांत मी ज्या गोष्टी वहीत टिपल्या त्या बहुतेक पाण्याबद्दल आहेत. सकाळी धक्क्यावरून बोटीत सरळ पाय टाकता येत होता. दुपारी तीच बोट बारा-तेरा पायऱ्यांची लोखंडी शिडी उतरून खाली सापडत होती. भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा, त्याखाली काळा, त्याखाली शिंपल्यांचा. पाणी किती खाली गेलं हे रंगावरून कळायचं. लहान बंदरांत तर समुद्र दिवसातून दोनदा निघूनच जातो. बोटी चिखलात कलंडून पडतात आणि कुत्री त्यांच्याखालून फिरतात. काही बंदरांना म्हणून दार असतं. आत पाणी भरलं की दार बंद करून ते अडवून धरायचं आणि पुढची भरती पुरेशी चढली की पुन्हा उघडायचं. हे दार कधी उघडेल ते आधी कळतं, कारण भरती कधी येईल ते वर्षभर आधी पुस्तकात छापलेलं असतं.

राजनला ते पुस्तक फार आवडलं. पानभर आकडे, वर्षातल्या प्रत्येक दिवसाचे. "बघ, निसर्गाचंसुद्धा बिल ऑफ क्वांटिटीज आहे," तो म्हणाला. त्याच्या धंद्यात मापांच्या यादीला ते नाव.

परीक्षेची सफर शेर्बूरहून सँ-व्हास्त नावाच्या गावापर्यंतची होती. पूर्वेकडे जायचं, बार्फ्लरच्या टोकाला वळसा घालायचा आणि दक्षिणेला उतरायचं. मोटरबोटीनं दोन तास. सँ-व्हास्तला दाराचं बंदर आहे. कधी निघायचं, टोकापाशी प्रवाह कुठल्या दिशेचा असेल, दार कधी उघडेल, वाटेत पाणी किती खोल, हे सगळं रुहीनं आदल्या दिवशी एका पानावर मांडायचं होतं. पेन्सिलीनं, कारण हवामान बदललं तर खोडता यावं. तिनं ते संध्याकाळी पूर्ण केलं आणि मैत्रिणीशी बोलायला बाहेर गेली. सुनीतावहिनी दुपारच्या बसनं पुढे सँ-व्हास्तला गेल्या होत्या.

मी खोलीत आलो तेव्हा राजन टेबलाशी बसला होता. समोर रुहीचं पान, शेजारी भरतीचं पुस्तक, हातात खोडरबर.

"सरसकट एक तासाची चूक होती," तो म्हणाला. "पुस्तकात सातच्या पुढे जे आहे ते हिनं आठच्या पुढे लिहिलंय. प्रत्येक ठिकाणी. घाईत झालं असणार. दुरुस्त केलं. तिला सांगू नको, उगाच धीर खचेल."

पहिलीपासून तो तिचा गृहपाठ असाच तपासत आला होता. चूक दिसली की गुपचूप खोडून बरोबर आकडा लिहायचा, आणि सकाळी दप्तर भरलेलं. रुहीचे आकडे आणि राजनचे आकडे दिसायलाही सारखे. साताच्या मधून आडवी रेघ, चार वरून उघडा. त्यानंच गिरवून घेतलेले. मी या नोकरीआधी वर्तमानपत्रात पंधरा वर्षं दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त करण्याचं काम केलेलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी मान हलवली आणि झोपायला गेलो.

राजननं 'पानावर सात लिहिलेत' म्हणून सगळ्यांना लवकर उठवलं आणि आम्ही सकाळी सातला निघालो. बंदराबाहेर पडताना पाणी करडं होतं, मग हिरवं झालं. बोट वेग घेते तेव्हा पुढचा भाग उचलला जातो आणि काही वेळ फक्त आकाश दिसतं, मग ती सपाट होते आणि क्षितिज परत येतं. रुही उभ्यानं चालवत होती, पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून समोर अडकवलेलं. बार्फ्लरच्या टोकावर उंच दीपगृह आहे, राखाडी, खिडक्या मोजता येतील असं. त्याच्या खालचं पाणी वाऱ्याशिवायच सुरकुतलेलं होतं. आतून कुणी ढवळत असावं तसं. मारीनं पहिलं अंडं फोडलं.

टोक ओलांडल्यावर समुद्र एकदम निवला. उजवीकडे हिरवी शेतं, गाई, चर्चचा मनोरा. समोर तातिहू नावाचं बेट आणि त्यावरचा जुना बुरूज. बेटाच्या अलीकडून बंदराकडे वाट जाते. पान सांगत होतं, दार सव्वानऊला उघडेल आणि त्याआधी पंचवीस मिनिटं इथे बोटीखाली भरपूर पाणी असेल. घड्याळात आठ पन्नास. रुहीनं वेग तसाच ठेवला.

मग तिनं तो एकदम काढून घेतला. आम्ही तिघंही पुढे झुकलो.

"बाबा," ती म्हणाली, "देअर इज अ ट्रॅक्टर."

खरोखरच होता. समुद्रात, बेट आणि किनारा यांच्या मधोमध एक निळा ट्रॅक्टर मागे ट्रॉली ओढत चालला होता. पाणी त्याच्या चाकांच्या मध्यापर्यंत. ट्रॉलीत जाळीच्या पिशव्या. तिथे कालवांची शेती आहे, लोखंडी घोड्यांवर पिशव्यांत कालवं वाढवतात आणि ओहोटीला ट्रॅक्टरनं जाऊन काढून आणतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की पानावर जिथे खोल पाणी आहे त्याच्या जवळच एक माणूस गाडी चालवतोय आणि सिगारेट ओढतोय.

"काहीतरी अडकला असेल तो," राजन म्हणाला. "आकडे क्लिअर आहेत. यल्ला, हळूहळू चल पुढे."

रुहीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं खोली दाखवणाऱ्या यंत्राकडे पाहिलं, पुन्हा ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि चाक पूर्ण फिरवलं. आलो त्या वाटेनं बोट खोल पाण्याकडे परत नेली.  मारीनं तिच्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं.

राजनचा फोन वाजला. सुनीतावहिनी धक्क्यावर उभ्या होत्या. त्यांचा आवाज फोनबाहेर आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"अहो, दिसलात तुम्ही मला! आणि परत कुठे चाललात?"

"जरा थांब. काहीतरी गडबड आहे. दार उघडलंय का बघ."

"कसं उघडेल? सव्वादहाला उघडणार. इथे हा एवढा मोठा फळा लावलाय."

"सव्वानऊला."

"सव्वादहा. दहा आणि पंधरा. मी चष्मा लावलाय. अहो, मी फळा वाचला तर माझ्यावर का चिडता?"

राजननं फोन ठेवला. मग भरतीचं पुस्तक मागितलं. त्यात पहिल्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सर्व वेळा हिवाळी घड्याळाप्रमाणे आहेत, उन्हाळ्यात एक तास मिळवावा. रुहीनं तो मिळवला होता. त्यानं तो काढला होता.

त्यानं पुस्तक मिटलं आणि मारीकडे वळला. "मॅडम, चूक माझी आहे. तिनं बरोबर लिहिलं होतं. काल मी खोडलं."

रुहीचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. राग नव्हता. एखादं जुनं गणित अचानक सुटल्यासारखा. "यू डिड व्हॉट?" ती हळूच म्हणाली. मग: "ऑल्वेज?"

राजननं पुस्तक तिच्या हातात दिलं.

मारीनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं प्लास्टिकची पिशवी काढून रुहीसमोर धरली. "हे पान कुणाचं आहे?"

रुहीला एक वाक्य पुरलं असतं. ते खरंही होतं. वडील ते वाक्य आधीच बोलून मोकळे झाले होते, तिनं फक्त मान हलवायची होती.

"माझं," ती म्हणाली.

"निघण्याआधी पुन्हा वाचलंस?"

"नाही."

"शेर्बूरच्या बंदरातही फळा आहे. पाहिलास?"

"नाही. काल बरोबर होतं म्हणून."

मारीनं मान डोलावली. "नांगर टाक. दार उघडेपर्यंत पान नव्यानं कर."

तो सव्वा तास मला त्या दहा दिवसांतला सगळ्यात स्पष्ट आठवतो. इंजिन बंद झाल्यावर पाण्याचा आवाज आला, बोटीच्या पोटाला चाटत जाणारा. ट्रॅक्टर किनाऱ्याला लागला. मी एक खडक निवडून त्याच्यावर नजर ठेवली: आधी त्याच्या कडेला पांढरी रेघ, मग त्यावर बसलेला पक्षी दोन पावलं वर सरकला, मग उडाला, मग खडकच नव्हता. कालवांचे घोडे एकेक करून बुडाले. बेटाकडे जाणारी चिखलाची वाट मधून तुटली. जिथे गाडी चालत होती तिथे नऊ-साडेनऊला समुद्र होता, आणि तो कायमचाच तिथे असल्यासारखा दिसत होता.

राजन टोकाला बसून होता. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "पण मला एक सांग," तो मराठीत, कुणाला उद्देशून न बोलता म्हणाला, "सगळा देश घड्याळ पुढे करतो, मग पुस्तक का नाही करत?"

"कारण पुस्तक पाण्याचं आहे," रुही पानावरून मान वर न करता म्हणाली.

"म्हणजे?"

"बाबा, पाणी घड्याळ बघून येतं का?"

"मग माणसांनी तरी कशाला फिरवायचं? आपण फिरवतो का?"

"एग्झॅक्टली. आपण फिरवत नाही, म्हणून तुम्हाला सुचलंच नाही." मग थोड्या वेळानं: "मलासुद्धा मारीच्या क्लासमध्ये सांगितलं तेव्हा कळलं. तुम्ही तेव्हा मागे बसून त्या दोरांच्या गाठी मोजत होतात."

मारीला मराठी येत नव्हतं. तिनं दुसरं अंडं फोडून अर्धं राजनला दिलं. त्यानं ते खाल्लं.

सव्वादहाला लाल दिव्याचा हिरवा झाला. आतापर्यंत कुठे होत्या कोण जाणे अशा आठ-दहा बोटी दारासमोर जमल्या होत्या, शारजाहून दुबईकडे सकाळी लागते तशी रांग. फरक इतकाच की कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. धक्क्यावर सुनीतावहिनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"सगळ्यांची तोंडं का उतरलीत?" त्यांनी विचारलं. "पोचलात ना?"

निकाल मारीनं संध्याकाळी धक्क्यावरच सांगितला. "तू थांबलीस ते मी लिहिलंय. पान न वाचता निघालीस तेही लिहिलंय. दोन्ही मिळून माझ्याकडे उत्तर नाही. उद्या परतीची सफर तू ने, त्यावर ठरेल." मग राजनकडे बोट न दाखवता: "वडील बसनं येतील."

परवाच्या सकाळी आमचं परतीचं विमान होतं. म्हणजे तिसरी संधी नव्हती. राजन "राइट, मॅडम" म्हणाला. ऑफिसात बांधकामाचा बिनकामाचा बदल मान्य करताना तो जसं म्हणतो तसंच. त्या संध्याकाळी तो जेवणानंतर लगेच फिरायला गेला आणि रुही पान करून झोपेपर्यंत परत आला नाही. वहिनींनी सांगितलं, तो बंदराच्या दाराजवळच्या बाकावर बसून होता, दोन्ही हात खिशात.

दुसऱ्या दिवशी वारा होता. रुही फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली, पान फळ्याला टेकवून एकेक ओळ बोटानं ताडून पाहिली. दुपारी निघालो. बार्फ्लरपाशी वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून येत होता आणि लाटा उभ्या राहत होत्या. जवळच्या वाटेनं गेलो असतो तर वेळ वाचला असता. रुहीनं दीपगृहापासून लांब, बाहेरच्या समुद्रातून वळसा घेतला. पाऊण तास जास्त लागला. माझं त्यातल्या बऱ्याच भागाकडे लक्ष नव्हतं, मी बादलीकडे पाहत होतो. मारीनं अंडी खिशातच ठेवली, एवढं मात्र टिपलेलं आहे.

शेर्बूरच्या धक्क्यावर राजन उभा होता. शिडी लांब होती, ओहोटी लागली होती. वर आल्यावर त्यानं मुलीला "कसं झालं?" असं विचारलं नाही. "दमलीस?" एवढंच विचारलं. खाली बोटीच्या काचेआड मारी कागदावर सही करत होती. सही करायला तिला फार वेळ लागला नाही.

त्यानंतरच्या गोष्टी लवकर झाल्या. रुहीला नोकरी मिळाली. पुढच्या वर्षी राजन निवृत्त झाला. एकतीस वर्षांचं सामान बारा खोक्यांत बसलं. बाकीचं व्हिलातल्या शेजाऱ्यांनी नेलं, भिंतीवरच्या कॅलेंडरसकट. सुनीतावहिनी आणि तो पुण्याला गेले. रुही आता माझ्या दोन गल्ल्या पलीकडे आणखी दोन मुलींबरोबर राहते. सकाळी तिवरांच्या खाडीत बोट नेते, तळाचा चिखल नळीत भरून आणते. दुपारी भेटली तर कोपरापर्यंत राखाडी असते. पाणी इथे चढतं ते गुडघाभर, कंबरभर. ते किती चढलं हे पाहायला थांबावं लागतं, आणि ती थांबते.

या मार्चमध्ये राजन आणि वहिनी अबुधाबीला आले, पहिल्यांदाच पाहुणे म्हणून. त्यांच्या व्हिसाचा अर्ज रुहीनं स्वतःच्या नावावर भरला होता. विमानतळावर तिच्याबरोबर मीही गेलो होतो. वहिनी आधी बाहेर आल्या, राजनला यायला वेळ लागला. ट्रॉली ढकलत आला तेव्हा तो हसत होता की नाही ते सांगता येणार नाही.

"काय झालं?" रुहीनं विचारलं. "काही प्रॉब्लेम?"

"नाही गं. तो काउंटरवरचा मुलगा. पंचविशीचा असेल. म्हणतो, फर्स्ट टाइम इन अबुधाबी, अंकल? मी म्हटलं, एकतीस वर्षं. तर म्हणतो, मग तुम्ही माझ्या आधीचे."

"मग?"

"मग विचारलं, राहणार कुणाकडे. मी म्हटलं, मुलीकडे." त्यानं ट्रॉलीवरची पिशवी उगाच सरळ केली. "तो म्हणाला, ती इथे काम करते का? मी म्हटलं, ती इथलीच आहे."

रुही थांबली. "आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही. तुझ्या नावाचा कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला."